लढाई न झालेल्या जागेचं म्युझियम: मॉरिसटाउनची फोर्ड मॅन्शन आणि जॉकी हॉलो

आई-बाबा वाईहून तीन महिन्यांसाठी आलेत. आल्या आल्या आम्ही त्यांना एका टूर कंपनीच्या बसने चार दिवसांच्या ट्रिपला पाठवलं, कंपनीचं नाव घेत नाही, पण प्रत्येक ठिकाणी अर्धा तास, उतरा, फोटो काढा, चला बसा. परत आल्यावर बाबा एवढंच बोलले, "सगळं बघितलं गं, पण कुठे उभा नाही राहिलो." मला ते फार लागलं. म्हणून ठरवलं की आता लांब कुठे जायचं नाही, घराजवळची एकच जागा, पूर्ण दिवस, आणि त्यांना पाहिजे तितका वेळ उभं राहू द्यायचं.

आम्ही न्यू जर्सीत पार्सिपनीला राहतो आणि मॉरिसटाउन तिथून हायवेने पंधरा मिनिटं. या भागात आपली किती मराठी माणसं राहतात ते मी सांगायला नको, पण ओळखीतल्या दहा घरांना विचारलं तर तिथलं जनरल जॉर्ज वॉशिंग्टनचं हेडक्वार्टर बघितलंय असं म्हणणारं एकच घर निघालं, ते पण मुलाच्या शाळेची ट्रिप होती म्हणून. तेव्हा हा रिव्ह्यू मुख्यतः आपल्या लोकांसाठी लिहितेय, विशेष करून ज्यांच्याकडे आई-वडील येतात आणि वीकेंडला त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न असतो त्यांच्यासाठी.

पहिल्यांदा एक सांगून ठेवते, म्हणजे अपेक्षा चुकीची राहणार नाही. मॉरिसटाउनला मोठी लढाई झालेली नाही. तोफा कुठे होत्या, कोण कुठून चालून आलं, कोण पडलं, असलं इथे काही नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनचं सैन्य इथे दोन वेळा हिवाळ्यात मुक्कामाला होतं, एकदा जानेवारी ते मे १७७७ आणि दुसऱ्यांदा डिसेंबर १७७९ ते जून १७८०. त्या काळात हिवाळ्यात लढाया बहुतेक थांबायच्या, रस्ते बर्फाखाली, जनावरांना चारा नाही, तोफा ओढता येत नाहीत, मग सैन्य एका जागी बसायचं. मी बाबांना 'विंटर कॅम्प' वगैरे म्हणत समजावत होते तर ते म्हणाले, "म्हणजे छावणी. आपल्याकडे पावसाळ्यात छावणी पडायची आणि दसऱ्याला सीमोल्लंघन, यांच्याकडे ती थंडीत." एका शब्दात काम झालं. मी पुढे सगळीकडे छावणीच म्हणतेय.

तर हे छावणीचं म्युझियम आहे. म्हणजे सैन्य लढत नसतं तेव्हा काय करतं, काय खातं, कुठे झोपतं, कोणाच्या घरात घुसतं, कशाने आजारी पडतं, कधी चिडतं. मला आधी वाटलेलं बाबांना कंटाळा येईल, झालं उलटंच.

जागा तीन-चार तुकड्यांत विखुरलेली आहे आणि मिळून तिला मॉरिसटाउन नॅशनल हिस्टॉरिकल पार्क म्हणतात, १९३३ साली झालेलं हे देशातलं या प्रकारचं पहिलंच पार्क. गावात म्युझियमची इमारत आणि तिच्यासमोर फोर्ड कुटुंबाचं घर, गावाबाहेर काही मैलांवर जॉकी हॉलो म्हणून जंगल जिथे सैनिकांच्या झोपड्या होत्या, तिथेच विक नावाच्या शेतकऱ्याचं घर, आणि गावावरच्या टेकडीवर फोर्ट नॉनसेन्स. या शेवटच्याला वेळ नसेल तर सोडा, १७७७ च्या मातीच्या तटबंदीची जागा आहे, नावामुळे मुलांना मजा वाटते. सैनिकांना रिकामं बसू द्यायचं नाही म्हणून उगाच बांधायला लावलं अशी दंतकथा आहे, खरं काम गावातल्या साठ्याचं रक्षण हे होतं.

म्युझियमच्या इमारतीत आधी फिल्म बघा. मग बंदुका, संगिनी, कागदपत्रं, आणि मुलांना हात लावून करता येतील अशा काही गोष्टी आहेत. माझा मुलगा तिथे रमला. बाबा एका ठासणीच्या बंदुकीसमोर बराच वेळ, कारण त्यांना बार भरायची पद्धत पायरीपायरीने माझ्याकडून समजून घ्यायची होती, काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, थोडी दारू वरच्या पात्रात, उरलेली नळीत, गोळी, मग गजाने ठासायचं. "पाऊस आला की संपलं," ते म्हणाले. बरोबरच आहे. या इमारतीत पाऊण-एक तास पुरतो.

खरी गोष्ट आहे ती समोरच्या घरात.

फोर्ड मॅन्शन १७७२ ते १७७४ मध्ये बांधलेलं लाकडी दुमजली घर. जेकब फोर्ड हा तिथला बडा माणूस, लोखंडाच्या धंद्यातलं घराणं, स्वतः मिलिशियाचा, म्हणजे स्थानिक नागरी फौजेचा कर्नल, आणि सैन्यासाठी बंदुकीच्या दारूची गिरणी यानेच उभी केली. तो जानेवारी १७७७ मध्ये आजारपणात गेला आणि त्याच महिन्यात त्याचे वडील पण गेले. मागे राहिली बायको थिओडोसिया आणि चार मुलं. आणि तीन वर्षांनी, १ डिसेंबर १७७९ ला, या बाईंच्या दारात जनरल वॉशिंग्टन, त्याचे अधिकारी, नोकर-चाकर असं सगळं लटांबर राहायला आलं.

आत फक्त रेंजरबरोबर जाता येतं आणि ते फार चांगलं आहे, कारण नाहीतर आपण जुन्या खुर्च्या आणि पलंग बघून दहा मिनिटांत बाहेर आलो असतो. फोर्डबाईंनी स्वतःला आणि मुलांना खालच्या दोन खोल्या ठेवल्या आणि बाकी घर सैन्याकडे. वरच्या मजल्यावर वॉशिंग्टन आणि डिसेंबरअखेर येऊन पोचलेली त्याची बायको मार्था, बाजूच्या खोल्यांत त्याचे सहायक, दाटीवाटीने. त्यातला एक अलेक्झांडर हॅमिल्टन, दहा डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र असतं तो. या मुक्कामातच त्याचं एलिझाबेथ स्कायलरशी जमलं, ती जवळच आत्याकडे राहायला आली होती आणि डिसेंबर १७८० मध्ये त्यांचं लग्न झालं. आत्या उतरली होती ते घर पण गावात आहे.

पण आईचं लक्ष हॅमिल्टनकडे नव्हतं, ती स्वयंपाकघरातून हलायलाच तयार नव्हती. मोठी चूल, भिंतीत भट्टी, टांगलेली भांडी. जानेवारी १७८० मधल्या वॉशिंग्टनच्या एका पत्राबद्दल मी तिला सांगितलं, सैन्याची रसद बघणाऱ्या जनरल ग्रीनला लिहिलेलं. त्यात तो तक्रार करतो की माझ्याकडची अठरा माणसं आणि मिसेस फोर्डची सगळी, एकाच स्वयंपाकघरात कोंबली गेलीत आणि सर्दी-पडशाने एकाच्या तोंडातून धड शब्द फुटत नाही. हे ऐकून आई मला म्हणाली, "अगं पण ते स्वयंपाकघर तिचं ना? ही तक्रार तिने करायला पाहिजे." आणि मग रेंजरला विचार म्हणाली, त्या बाईने काय लिहून ठेवलंय? मी विचारलं. रेंजर म्हणाली की जनरलची पत्रं ढिगाने आहेत, बाईंच्या मनात काय होतं ते आपल्याला त्या पत्रांच्या आडून शोधावं लागतं. तिला आईचा प्रश्न एवढा आवडला की बाकीची टूर ती आईकडे बघून बोलत होती आणि मी मधे भाषांतर करत होते. पुढे ओंडक्यांचं वेगळं स्वयंपाकघर आणि ऑफिस घराला जोडून बांधलं, पण त्याला वेळ लागला, तोवर पडशाची माणसं आणि एक चूल.

आमच्याकडे लग्नघरात पन्नास पाहुणे आठ दिवस राहतात तेव्हा घरच्या बाईचं काय होतं ते आईला माहितेय. इथे सात महिने. आणि नवरा गेलेला, पोरं लहान, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. आई जाताना त्या चुलीच्या कठड्याकडे बघून हात जोडून आली, देवाला नाही, त्या बाईला.

अजून एक माणूस या घरात होता आणि त्याची आठवण ठेवून तिथे जा. विल्यम ली. वॉशिंग्टनचा गुलाम, युद्धभर सावलीसारखा बरोबर, घोड्यावर पण त्याच्या मागे. ज्या घरातून स्वातंत्र्याची लढाई चालवली जात होती त्याच घरात हा माणूस मालकीचा म्हणून राबत होता, आणि वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राने १७९९ नंतर त्याला मोकळं केलं. न्यू जर्सीत तर गुलामगिरी हळूहळू बंद करायचा कायदा १८०४ साली आला. माझ्या मुलाने यावर विचारलं, "मग त्यांना कळत नव्हतं का हे चूक आहे?" मी म्हटलं बऱ्याच जणांना कळत होतं. मला वाटतं मुलांना घेऊन जायचं असेल तर हा प्रश्न येऊ द्यावा, घाईघाईने पुढच्या खोलीत नेऊ नये.

घर वाचलं कसं हे पण बाबांना जाणून घ्यायचं होतं. १८७३ मध्ये ते लिलावात निघालं तेव्हा काही जणांनी मिळून विकत घेतलं, संस्था काढली, सांभाळलं आणि साठ वर्षांनी सरकारला देऊन टाकलं. बाबा ऐकून गप्प झाले. आमच्या वाईत आळीतले किती वाडे माझ्या डोळ्यांदेखत गेले, एकेक करून, कोणाचे हिस्से, कोणाचा बिल्डर. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा उभा आहे म्हणून निदान पोरांना दाखवता येतो, तो पण साधारण याच काळातला. बाबा व्हरांड्यातल्या खांबाला हात लावून म्हणाले, "लाकूडच आहे हे पण. आपलं सागवान याच्यापेक्षा टिकाऊ."

१७७७ च्या पहिल्या मुक्कामाबद्दल थोडंच सांगते पण त्यातली एक गोष्ट आमच्या घरी आता रोज निघतेय. प्रिन्स्टनची लढाई जिंकून वॉशिंग्टन इथे आला होता, आणि त्या आधीच्या रात्री ट्रेंटनला इंग्रज सेनानी कॉर्नवॉलिस समोर असताना छावणीतल्या शेकोट्या पेटत्या ठेवून सगळं सैन्य गुपचूप मागच्या वाटेने काढलं, सकाळी इंग्रज बघतात तर समोर कोणी नाही. हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा असा खुलला, कात्रजच्या घाटातले बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते आपण सगळे लहानपणी ऐकतोच, ते त्यांनी नातवाला तिथल्या तिथे अर्ध्या इंग्रजीत सांगून टाकलं.

पण मी म्हणत होते ती गोष्ट ही नाही, ती देवीची. त्या वर्षी सैन्यात देवीची साथ होती, गोळीने मरत नव्हते एवढे देवीने मरत होते. मग वॉशिंग्टनने फेब्रुवारी १७७७ मध्ये ठरवलं की सगळ्या सैन्याला टोचायचं. आणि तेव्हा लस नव्हती, जेनरची लस आली १७९६ मध्ये, त्याच्या आधी चक्क आजारी माणसाच्या फोडातला पू घेऊन निरोगी माणसाच्या हाताला चीर देऊन आत घालायचे, मग तो माणूस थोडासा आजारी पडायचा आणि बहुतेक वेळा वाचायचा. मॉरिसटाउनमधल्या घरांमध्ये हे चाललं, चर्चची हॉस्पिटलं झाली. शत्रूला कळलं असतं की अर्धं सैन्य तापाने अंथरुणात आहे तर खेळ खलास, म्हणून गुपचूप. आईने हे ऐकलं आणि सरळ बाही वर करून दंडावरचा देवीचा वण नातवाला दाखवला. त्याने आधी तो पाहिलाच नव्हता, म्हणजे पाहिला असेल पण काय आहे ते माहीत नव्हतं. "आजी, यू हॅड इट टू?" आजी म्हणाली, "मला झाल्या नाहीत, मला टोचलं म्हणून." आता तो शाळेत सगळ्यांना सांगत फिरतोय की माझ्या आजीला वॉशिंग्टनच्या सैनिकांसारखं टोचलंय. आजीची लस त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित होती हे मी त्याला अजून समजावतेय.

जेवण आम्ही डब्यात नेलेलं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही. गावात खायला भरपूर आहे, पण डबा नेलात तर जॉकी हॉलोला निवांत बसता येतं.

आता जॉकी हॉलो. गाडीशिवाय इथे जमणार नाही, गावातून काही मैल आहे. आत रस्ता फिरून येतो, ठिकठिकाणी गाडी लावून उतरायचं. आणि हे नुसतं जंगल वाटतं, उंच झाडं, पानं, हरणं. तिथे थांबून डोळ्यासमोर आणायचं की १७७९ च्या डिसेंबरमध्ये इथे दहा हजारांच्या आसपास माणसं आली, आणि त्यांनी कुऱ्हाडी घेऊन हे जंगल तोडून हजारावर झोपड्या बांधल्या. त्या काळी हे अमेरिकेतल्या मोठ्या शहरांपैकी एक झालं असेल, न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया सोडा. ओंडके एकमेकांत अडकवून, फटी मातीने लिंपून, एका टोकाला चूल, साधारण चौदा फूट बाय सोळा फूट, आणि त्यात बारा जण. म्हणजे आमच्या अपार्टमेंटच्या हॉलएवढ्या जागेत बारा जणांचे लाकडी फळ्यांचे मजले-मजले बिछाने. टेकडीच्या उतारावर आता चार-पाच झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्यात. आत जा, बिछान्याच्या फळीवर हात ठेवा, आणि दोन मिनिटं बोलू नका.

तो हिवाळा व्हॅली फोर्जपेक्षा, म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या पेनसिल्वेनियातल्या छावणीपेक्षा वाईट होता. शाळेत मुलांना व्हॅली फोर्ज शिकवतात, नाव त्याचंच मोठं, पण थंडी इथली जास्त. वीसपेक्षा जास्त वेळा बर्फ पडला, जानेवारीच्या सुरुवातीला एक वादळ आलं त्यात तंबूत झोपलेली माणसं बर्फाखाली गाडली गेली, कारण सगळ्यांच्या झोपड्या अजून झाल्या नव्हत्या. न्यूयॉर्कचं बंदर गोठलं, इंग्रजांनी मॅनहॅटनहून स्टेटन आयलंडला बर्फावरून तोफा ओढून नेल्या. मी इथे इतके हिवाळे काढले, हडसन नदी अशी गोठलेली कल्पनेत पण येत नाही. आणि एवढं असून इथे माणसं व्हॅली फोर्जपेक्षा खूप कमी मेली, कारण दोन वर्षांत झोपड्या कशा बांधायच्या, घाण कुठे टाकायची हे शिकले होते. मला हे फार मोलाचं वाटतं.

भूक मात्र शिकून जात नाही. रस्ते बंद, गाड्या येत नाहीत, आणि त्यात पैशाची वाट लागलेली. काँग्रेसने छापलेल्या नोटांची किंमत इतकी घसरली की मार्च १७८० मध्ये सरकारनेच चाळीसला एक असा भाव कबूल केला. शेतकरी त्या नोटा घ्यायला तयार नाही, मग धान्य मिळणार कसं. जोसेफ प्लम मार्टिन म्हणून कनेक्टिकटचा एक साधा सैनिक होता, तेव्हा एकोणीस वर्षांचा, त्याने म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यात आहे की चार दिवस पोटात अन्न नाही, बर्च झाडाची साल चघळली, काही जणांनी जुने बूट भाजून खाल्ले.

मी हे मराठीत सांगत होते आणि बाबा म्हणाले, "पानिपत." एवढंच. रसद तुटल्यावर सदाशिवरावभाऊंच्या छावणीत काय झालं ते आम्हाला शाळेत एका ओळीत शिकवतात, उपासमार झाली म्हणून बाहेर पडून लढावं लागलं. ती ओळ मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेत. ती ओळ म्हणजे काय हे मला न्यू जर्सीतल्या एका लाकडी झोपडीत कळलं, हे लिहितानाही घशात येतंय.

भुकेलेलं सैन्य मग काय करतं? आजूबाजूच्या शेतात घुसतं. इथेही घुसले, कोंबड्या, मेंढ्या, धान्य. वॉशिंग्टनसमोर पेच असा की ज्या लोकांसाठी लढतोय त्यांचंच ओरबाडलं तर ते इंग्रजांना परवडले म्हणतील, आणि नाही घेतलं तर सैन्य उपाशी मरेल किंवा पळून जाईल. जानेवारीत त्याने न्यू जर्सीच्या प्रत्येक काउंटीला आकडा ठरवून दिला, एवढी जनावरं, एवढं धान्य, स्थानिक अधिकाऱ्यांकडे पत्रं पाठवली की तुम्ही आपणहून जमवून द्या, पावती देऊ, आणि नाहीच जमलं तर मग सैनिक येऊन घेतील. आणि लोकांनी दिलं. बहुतेक ठिकाणी मागितलं तेवढं किंवा जास्तच. सैन्य त्यावर तरलं.

इथे बाबांना राहवेना. ते म्हणाले, "हे तर महाराजांचं चिपळूणचं पत्र आहे." ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं होतं, ते 'भाजीच्या देठालाही हात लावू नका' म्हणून आपण सगळे ऐकतो, पण पूर्ण पत्र ऐकलं तर ते छावणीचं हिशोबाचं पत्र आहे. पावसाळ्यासाठी ठेवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळाल तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याकडून कोणी दाणे आणाल, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लाकडं, आणि मग त्या गरिबांना वाटेल की यापेक्षा मोगल बरे. बाबा हे बर्फाळ हिवाळ्याच्या झोपडीच्या दारात उभं राहून सांगत होते, त्यांना पत्राचा क्रम तोंडपाठ आहे. शंभर वर्षांचं अंतर, एकीकडे कोकणातला पाऊस आणि दुसरीकडे न्यू जर्सीतला बर्फ, आणि अडचण तीच, आधी रसदेचा विचार करायचा की नंतर शेतकऱ्याच्या शिव्या खायच्या. मला वाटतं आपल्या माणसाने या जागी जायचं ते यासाठी, आपल्याला या गोष्टीचं आतून माहीत असतं.

इथे बंडाबद्दल पण सांगतात, ते लपवून ठेवलेलं नाही. २५ मे १७८० ला कनेक्टिकटच्या तुकड्या परेडवरून परत जाईनात, मांस नाही, पगार नाही, महिनोन्‌महिने. कसेबसे शांत केले. मग १ जानेवारी १७८१ ला, पुढच्या हिवाळ्यात इथे ठेवलेल्या पेनसिल्वेनियाच्या तुकड्यांनी याच जंगलातून खरं बंड केलं, अधिकारी मारले गेले, तोफा घेऊन फिलाडेल्फियाकडे निघाले. इंग्रजांनी फोडायला माणसं पाठवली तर या बंडखोरांनीच त्यांना पकडून दिलं आणि ते फासावर गेले. म्हणजे पगारासाठी भांडत होते, फितूर नव्हते. बाबांना हे सगळ्यात जास्त आवडलं, त्यांनी नोकरीत असताना संपात दिवस काढलेत.

विकचं घर लवकर होतं. सफरचंदाची झाडं, छान परसबाग, आत एक सेनापती उतरला होता. या घरच्या टेम्पी नावाच्या मुलीने बंडखोर सैनिकांपासून आपला घोडा वाचवायला तो घरात खोलीत लपवला अशी गोष्ट आहे, दंतकथाच समजा, पण माझ्या मुलाला पूर्ण दिवसातली तीच जास्त आवडली आणि तो घोडा दारातून कसा मावला असेल हे मापून बघत होता.

तिथल्या बाकावर डबा खाताना नानांचा विषय निघाला. वॉशिंग्टन गेला १४ डिसेंबर १७९९ ला आणि नाना फडणवीस मार्च १८०० मध्ये, मधे तीन महिने. आणि दोघं एकाच वेळी इंग्रजांशी झुंजत होते. वॉशिंग्टन या बर्फात अडकलेला असताना फेब्रुवारी १७८० मध्ये इंग्रजांच्या गॉडर्डने मराठ्यांकडून अहमदाबाद घेतलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी जानेवारीत वडगावला इंग्रज मराठ्यांसमोर हरून तह करून गेले होते. मे १७८० मध्ये वॉशिंग्टनचा फ्रेंच सेनानी लाफायेत फोर्डच्या घरी बातमी घेऊन आला की फ्रान्सची जहाजं आणि सहा हजार सैनिक येतायत, आणि शेवटी १७८१ ला यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आला. आणि तोच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला, टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके त्याच्या बरोबर होते. मी दोन्हीकडची पुस्तकं शाळा-कॉलेजात वाचलीत, पण हा एकच माणूस आहे हे कधी जोडून बघितलं नव्हतं. आई म्हणाली, "इथे हरला म्हणून तिकडे पाठवला होय."

आता जायचं असेल तर. म्युझियम आणि मॅन्शन सगळे दिवस उघडं नसतं, निघायच्या आधी वेळ बघून घ्या. मॅन्शनच्या टूरमध्ये ठरावीकच माणसं घेतात म्हणून सकाळी लवकर जा. तिकीट म्युझियम आणि मॅन्शनला लागतं, नॅशनल पार्कचा वर्षाचा पास असेल तर तो चालतो, जॉकी हॉलोला फिरायला पैसे नाहीत. ट्रेनने येणाऱ्यांना मॉरिसटाउन स्टेशन आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी जॉकी हॉलोच्या झोपड्यांचा चढ हळू चढावा, आईने काठी नेली होती. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मॅन्शनमध्ये कशाला हात लावता येत नाही म्हणून ती कुरकुरतात, त्यांना जंगलात सोडा. आणि जंगलातून आल्यावर गोचीड तपासा, पायमोजे, मान, केसात, हे गंभीरपणे घ्या, या भागात त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. जमलं तर हिवाळ्यात जा. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, झाडं लालपिवळी, फार सुंदर, पण ती झोपडी कळायला थंडी पाहिजे.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

परत येताना गाडीत मुलगा विचारत होता की महाराजांच्या त्या पत्रात अजून काय होतं. बाबांनी सांगितलं की रात्री दिवा पेटता ठेवू नका असं पण लिहिलंय, उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि वैरणीला आग लागते, मग गवत वाचत नाही आणि घोडीही वाचत नाहीत. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. मग म्हणाला, "आजोबा, त्या हट्समध्ये पण उंदीर असतील?" बाबा म्हणाले, "बारा माणसं आणि चूल, म्हणजे असणारच रे." आता येत्या जानेवारीत, पहिला मोठा बर्फ पडून रस्ते मोकळे झाले की त्याला एकट्या आजोबांबरोबर परत तिथे जायचंय, आईने दोघांसाठी कानटोप्या विणायला घेतल्यात.